राजी करून : शासन आणि नागरिकांची राहणी

लोकांनी पाणी जपून वापरावे, कचरा वेगवेगळा करून द्यावा, झाडे राखावीत, दिवे विनाकारण जाळू नयेत, असा उपदेश करणारे फलक आज कोणत्याही शहरात पावलोपावली दृष्टीस पडतात. परंतु असा फलक वाचून कोणी वाहता नळ बंद केल्याचे फारसे ऐकिवात नाही. फलकाने काम भागले नाही म्हणजे सरकार दंडाचा आश्रय करते. आणि दंड वसूल करणारा शिपाई चौकातून हलला की लोकही पूर्वपदावर येतात. उपदेश आणि दंड या दोहोंखेरीज शासनाच्या हाती तिसरे काही साधन आहे किंवा नाही, हा प्रश्न हल्ली 'शाश्वत राहणी' या नावाखाली चर्चिला जातो. नाव नवे असले तरी प्रश्न मात्र जुना आहे, आणि आपल्या लोकांच्या इतिहासात त्याची जी उत्तरे दिली गेली ती पुन्हा एकवार तपासून पाहण्याजोगी आहेत.

त्यांपैकी सर्वांत स्पष्ट उत्तर रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त सापडते. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सिद्ध झालेला हा ग्रंथ राज्यकारभाराचा आहे. त्यात दुर्ग आहेत, वतने आहेत, सावकार आहेत, आणि आरमारही आहे. आरमारास लाकूड पाहिजे. सागवानासारखी झाडे रानातून हुकुमाने तोडून आणावीत, अधिक लागल्यास परमुलुखातून विकत आणावीत, असे सांगून अमात्य आंबा आणि फणस या झाडांपाशी येतात व तेथे हात आखडता घेण्यास बजावतात. ही लाकडेही कामाची खरी. पण ही झाडे एकदोन वर्षांत उभी राहत नाहीत, रयतेने ती पोटच्या लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, ती तोडली तर तिच्या दुःखास सीमा राहणार नाही, आणि असे दुःख देऊन केलेले कार्य टिकतही नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. एखादे झाड अगदीच जीर्ण होऊन निरुपयोगी झाले असेल, तर धन्यास राजी करून, त्यास द्रव्य देऊन व त्याचा संतोष करूनच ते न्यावे. बलात्कार सर्वथा होऊ देऊ नये.

या आज्ञेचे मर्म तिच्या रोखात आहे. झाडे राखण्याची ही आज्ञा रयतेस उद्देशून केलेली नाही. ती सरकारच्या चाकरांवर घातलेली आहे. रयत झाडे राखीतच होती. आधी सरकारने आपला हात आवरावा, मग मोबदला द्यावा, आणि शेवटी धन्याची संमती घ्यावी, असा हा क्रम आहे. खेड्यातील एका आंब्याच्या झाडापुरता तो क्रम सुंदर दिसतो. परंतु ज्या शहरात लक्षावधी माणसे रोज पाणी वापरतात आणि ते कोठून येते हे त्यांपैकी थोड्यांसच ठाऊक असते, तेथे तो कितपत चालेल? या शंकेचे निरसन करावयास नागपूरच्या धरमपेठेइतके सोयीचे स्थळ दुसरे क्वचितच असेल.

धरमपेठ ही नागपूरच्या पश्चिम अंगाची वस्ती. तिच्या एका बाजूस अंबाझरीचा तलाव, दुसऱ्या बाजूस तेलंगखेडीचा, म्हणजेच फुटाळ्याचा तलाव. आणि ज्या नाग नदीवरून शहरास नाव मिळाले असे मानतात, ती अंबाझरीखालून निघून याच वस्तीच्या कडेने शहरात शिरते. ही जलाशयांची संपत्ती निसर्गाने आयती दिलेली नव्हे. नागपूरचा प्रदेश कठीण खडकाचा, पाऊस चार महिन्यांचा आणि उन्हाळा सर्वांस विदित असलेला. यास्तव गोंड राजांनी व त्यांच्यामागून आलेल्या भोसल्यांनी बांध घालून पाणी अडविले. ज्यास आज गांधीसागर म्हणतात तो जुम्मा तलाव गोंड राजा चांदसुलतान याच्या नावाशी जोडलेला आहे. अंबाझरी, फुटाळा, सोनेगाव हे तलाव भोसल्यांच्या अमदानीतले.

त्या काळी पाणी वाचवा असे सांगण्यास सरकारला शिपाई ठेवावा लागत नव्हता. विहिरीवर रहाट ओढणाऱ्या किंवा डोक्यावर घागर वाहणाऱ्या माणसास पाण्याचे माप कोणी शिकवावे लागत नाही. ते त्याच्या खांद्यांस आणि मानेस आपोआप समजते. वैशाखात तलावाच्या पायऱ्या एकेक करून उघड्या पडू लागल्या म्हणजे साऱ्या पेठेला पुढचे दिवस कसे आहेत हे कळे. त्या व्यवस्थेचा गौरव करताना तिच्यातील कष्ट बहुतांशी स्त्रियांच्या वाट्यास येत, आणि कित्येक जातींस त्या पायऱ्यांवर पाऊलही ठेवता येत नसे, हे मात्र विसरता कामा नये. जुना काटकसरपणा पुष्कळदा सद्गुणातून आलेला नसून अडचणीतून व अन्यायातून आलेला होता. म्हणून तो काळ परत आणा असे म्हणण्यास कोणीही शहाणा मनुष्य धजणार नाही.

नागपुरास नगरपालिका मिळाली 1864 साली, आणि 1873 साली अंबाझरीचा जुना बांध वाढवून नळाने शहरास पाणी देण्याची योजना पुरी झाली. नळ हा लोकांच्या आरोग्यावर झालेला मोठा उपकार होय. पटकीच्या साथींनी जेथे वर्षानुवर्षे माणसे नेली, तेथे त्याची किंमत सांगावयास नको. पण नळाबरोबर एक गोष्ट नकळत हरपली. पाणी कोठून येते आणि किती उरले आहे हे पाहण्याचा नागरिकाचा रोजचा प्रसंग संपला. 1901 च्या शिरगणतीत शहराची वस्ती सव्वा लाखाच्या थोडी वर होती. 2011 च्या शिरगणतीत ती चोवीस लाखांवर गेली. मधल्या काळात अंबाझरी अपुरा पडला तेव्हा गोरेवाड्याचा तलाव आला, तो अपुरा पडला तेव्हा कन्हान नदी आली, तीही पुरेना तेव्हा कित्येक कोसांवरील पेंच नदीचे पाणी आले. प्रत्येक वेळी प्रश्न एकच विचारला गेला, की आणखी पाणी कोठून आणावे. असलेले पाणी कसे वापरले जात आहे, हा प्रश्न ना सरकारने नागरिकास विचारला, ना नागरिकाने सरकारास.

हा दुसरा प्रश्न विचारणारा एक पुरुष 1915 साली नागपुरात येऊन गेला. पॅट्रिक गेडिस हा मूळचा स्कॉटलंडचा जीवशास्त्रज्ञ; पुढे 1919 साली तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्या सुमारास हिंदुस्थानातील अनेक शहरांची पाहणी करून त्याने अहवाल लिहिले, त्यांत नागपूरचाही समावेश होता. त्या काळच्या आरोग्यखात्यांचा शिरस्ता असा, की तलावात डास झाले तर तलाव बुजवावा आणि गल्ली अरुंद असली तर घरे पाडून ती रुंद करावी. गेडिसचे म्हणणे असे, की शहर हे सजीव आहे. शस्त्रक्रिया करावयाचीच तर ती जपून व थोडकी करावी. तलाव बुजविण्याऐवजी स्वच्छ करून त्यात मासे सोडावेत, म्हणजे डासही आटोक्यात राहतील आणि पाणीही राहील. परंतु त्याहूनही महत्त्वाचा त्याचा सिद्धान्त हा, की रहिवाशांच्या मनात आपल्या शहराविषयी अभिमान उत्पन्न झाल्यावाचून कोणताही नकाशा सिद्धीस जात नाही.

या सिद्धान्ताची परीक्षा नागपुरात नव्हे, तर दुसऱ्या एका मराठी दरबाराच्या शहरात, होळकरांच्या इंदुरात झाली. सन 1917 मध्ये गेडिस तेथे नगररचनेच्या कामी होता. शहरात प्लेगची धास्ती होती, घाण माजली होती, आणि घरे पाडणारा साहेब आला म्हणून लोक त्याच्याकडे संशयाने पाहत होते. त्याने दरबाराकडे विलक्षण मागणी केली: दिवाळीच्या उत्सवाची सूत्रे आपल्या हाती द्यावीत. ती मिळताच दवंडी पिटविण्यात आली, की यंदाची मिरवणूक नेहमीच्या ठरीव मार्गाने जाणार नाही. जो मोहल्ला आपली घरे व गल्ल्या सर्वांत स्वच्छ करील त्या मोहल्ल्यातून ती जाईल. त्याबरोबरच सरकारी गाड्या लोकांच्या दारातील केरकचरा फुकट उचलून नेतील, असेही जाहीर झाले. मग काय विचारता! घरोघर झाडलोट व रंगरंगोटी सुरू झाली, हजारो गाड्या कचरा बाहेर पडला, आणि उंदीर पकडण्याचा सपाटा लागला.

मिरवणुकीत लक्ष्मी होती, हत्ती-घोडे होते, आणि त्यांच्यामागून घाणीचा राक्षस व प्लेगचा प्रचंड उंदीर यांच्या प्रतिमा चालल्या होत्या. त्यांच्यानंतर शहराचे झाडूवाले आले. त्यांच्या अंगावर स्वच्छ पांढरे कपडे, गळ्यात हार आणि हातात नवे झाडू होते. ज्यांची सावलीही अनेकांस चालत नव्हती, त्यांस त्या दिवशी साऱ्या शहराने राजमार्गावरून सन्मानाने जाताना पाहिले. शेवटी राक्षसाच्या प्रतिमेस अग्नी देण्यात आला. उत्सवाचे हे वर्णन वाचताना करमणूक होते खरी, पण त्यातील कार्यकारणभाव नजरेआड होऊ नये. लोकांनी घरातला केर काढला, कारण तो उचलून नेणारी गाडी दाराशी उभी होती. आणि मोहल्ला झाडला, कारण त्याचा मान एका घराचा नसून साऱ्या मोहल्ल्याचा होता. शासनाने आपला भाग आधी पार पाडला, आणि मग लोकांच्या भाषेत, लोकांच्या सणातून, त्यांचा भाग मागितला.

तथापि मिरवणूक एका दिवसाची असते. दुसऱ्या दिवशी गाडी आली नाही तर तिसऱ्या दिवशी कचरा पुन्हा रस्त्यावर येतो. त्याच इंदूर शहराने 2017 पासून देशातील शहरांच्या स्वच्छतेच्या सरकारी पाहणीत सलग अनेक वर्षे पहिला क्रमांक मिळविला, त्याचे इंगित येथेच आहे. ओला व सुका कचरा घरातच वेगळा करणे ही तेथील गृहिणीची सवय झाली, कारण तो वेगळा नेणारी गाडी तिच्या दाराशी नेमाने येऊ लागली. ज्या शहरांत घरात वेगळा केलेला कचरा नागरिकांच्या डोळ्यांदेखत एकाच गाडीत ओतला जातो, तेथे उपदेश ऐकण्यास कोणी उरत नाही, आणि त्यात नागरिकाचा दोष काढणे न्यायाचे होणार नाही.

महाराष्ट्रातही मानाच्या या साधनाचा प्रयोग सरकारने मोठ्या प्रमाणावर केला. वऱ्हाडात जन्मलेल्या गाडगेबाबांनी (1876–1956) हाती खराटा घेऊन आधी गाव झाडावे आणि मग रात्री कीर्तन करावे, हा परिपाठ आयुष्यभर चालविला. ज्याने स्वतः गाव झाडले त्याचा उपदेश लोक ऐकत. त्यांच्याच नावाने राज्य सरकारने सन 2000–01 मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले; रा. रा. पाटील हे त्या वेळी ग्रामविकासमंत्री होते. बांधकामाला अनुदान वाटण्याचा रूढ मार्ग सोडून या अभियानाने गावागावांत स्पर्धा लावली, आणि तालुक्यापासून राज्यापर्यंत बक्षिसे ठेवली. बक्षिसाची रक्कम गावकऱ्यांनी खर्चिलेल्या श्रमांच्या व पैशांच्या मानाने थोडी असे. पण गावाचे नाव निघणार या ओढीने माणसे फावडी घेऊन बाहेर पडली. त्या पाठोपाठ 2003 साली केंद्र सरकारने निर्मल ग्राम पुरस्कार योजिला. मात्र बक्षीस घेऊन झाल्यावर पुष्कळ गावे पुन्हा सुस्तावली, हेही लपविण्यात अर्थ नाही. मानाने आरंभ होतो. तो टिकण्यास रोजची सोय आणि रोजचा हिशेब लागतो.

हिशेबाचा हा प्रयोग मग धरमपेठेत झाला. सन 2007 मध्ये नागपूर महापालिकेने चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या प्रात्यक्षिकासाठी धरमपेठ विभाग निवडला. जुने नळजोड बदलावयाचे, गळती शोधावयाची, प्रत्येक घरी चालते मीटर बसवावयाचे आणि नळास अखंड पाणी द्यावयाचे, असा तो संकल्प होता. प्रथमदर्शनी हे विपरीत वाटते. पाणी वाचवावयाचे तर ते चोवीस तास सोडावे कशाला? परंतु ज्या घरात तासभरच पाणी येते त्या घरातील रीत आठवून पाहावी. पिंप, हंडे, बादल्या भरून ठेवावयाच्या. दुसऱ्या दिवशी नळ आला की कालचे पाणी 'शिळे' म्हणून मोरीत ओतून द्यावयाचे आणि पुन्हा तीच भांडी भरावयाची. पाणी उद्या येईल की नाही याचा भरवसा नसला म्हणजे माणूस साठवितो, आणि जो साठवितो तोच सांडतो. शिवाय रिकाम्या नळात आजूबाजूची घाण शोषली जाते, तो धोका निराळाच. म्हणजे संयमाची पहिली अट भरवसा ही होय. आणि भरवसा देणे नागरिकाच्या हाती नसून शासनाच्या हाती असते.

दुसरी अट मीटरची. पूर्वी घागरीचे ओझे जे माप सांगत असे, ते आता भिंतीवरचा काटा सांगू लागला. आणि वापर जसजसा वाढेल तसतसा दर चढत जाईल अशी दराची रचना असल्यामुळे, पिण्याच्या पाण्यास अल्प मोल व बाग शिंपण्याच्या व गाड्या धुण्याच्या पाण्यास अधिक मोल पडू लागले. यावर नागपुरात पुष्कळ वाद झाला. बिले फुगली, मीटर चुकीचे चालतात, खाजगी कंपनीच्या हाती पाणी जाते, अशा तक्रारी झाल्या. हे सर्व आक्षेप निराधार होते असे म्हणता येत नाही, आणि साऱ्या शहरास चोवीस तास पाणी देण्याचा पुढील संकल्प ठरल्या मुदतीत पुरा झाला असेही म्हणता येत नाही. पाण्याचा भाव चढविताना गरिबाची घागर महाग होणार नाही हे पाहणे शासनाचे पहिले कर्तव्य आहे. ते सुटले तर जुन्या पायऱ्यांवरचा अन्याय नव्या रूपाने परत येईल. पण मापाचे तत्त्व त्यामुळे खोटे ठरत नाही. जे मोजले जात नाही ते जपलेही जात नाही, मग ते घरातील पाणी असो की रस्त्याखालच्या फुटक्या नळातून वाहून जाणारे सरकारी पाणी असो. मीटर दोन्हीकडे असले पाहिजे.

या गोष्टीची आठवण नागपुरास निसर्गानेच दोनदा करून दिली. 2019 च्या जुलै महिन्यात पावसाने ओढ दिली, तोतलाडोहचे धरण तळास गेले, आणि शहरास एक दिवसाआड पाणी देण्याची वेळ आली. त्या काळात लोकांनी तक्रार केली, पण पाणीही जपले. कारण धरण रिते झाले हे सर्वांस दिसत होते. पुढे 2023 च्या 23 सप्टेंबरच्या पहाटे अतिवृष्टीने अंबाझरी ओसंडला व त्याखालच्या वस्त्यांतील घराघरांत पाणी शिरले. ज्या नदीचे पात्र वर्षानुवर्षे दाबले गेले, तिने एका रात्रीत आपली जागा मागून घेतली. नागरिकाने नाल्यात प्लास्टिक टाकू नये हे खरेच. परंतु नदीचे पात्र मोकळे ठेवणे आणि बांधाची निगा राखणे ही नागरिकाने एकट्याने करावयाची कामे नव्हेत. अमात्यांची आज्ञा सरकारच्या चाकरांवर होती ती याच कारणाने.

याच तलावांच्या काठी आज आणखी एक बदल घडतो आहे. गणपती वाहत्या किंवा साठलेल्या पाण्यात विसर्जित करण्याची आपली परंपरा. पण प्लास्टरच्या मूर्ती व रासायनिक रंग यांनी फुटाळ्यासारख्या तलावांची दैना केली. नुसती बंदी घातली असती तर धर्मावर घाला म्हणून ओरड झाली असती. महापालिकेने तलावाच्या काठी व वस्त्यावस्त्यांत कृत्रिम हौद ठेवले, निर्माल्यासाठी कलश ठेवले, आणि स्वयंसेवकांस उभे केले. ज्या आजोबांनी पन्नास वर्षे तलावातच विसर्जन केले, त्यांस हौदापाशी नेऊन आरतीस वेळ व जागा देणारा तरुण दंडाच्या पावतीपेक्षा अधिक काम करून जातो. तसाच दुसरा उपक्रम पौर्णिमेचा. पौर्णिमेच्या रात्री आठ ते नऊ अनावश्यक दिवे मालवावेत, एवढीच विनंती महापालिका व काही स्वयंसेवक यांनी मिळून केली. त्याने किती वीज वाचते हा हिशेब लहानच निघेल. पण दुकानदार स्वतःच्या हाताने पाटी मालवतो तेव्हा दिव्याचे बटण आपल्याच हाती आहे, याची त्यास जाणीव होते.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. उपदेश आणि दंड यांच्याखेरीज शासनाच्या हाती काही साधन आहे काय? इतिहास सांगतो, की आहे. पण ते स्वस्त नाही. त्यासाठी गाडी दाराशी वेळेवर यावी लागते, नळास भरवशाचे पाणी असावे लागते, सरकारी गळती आधी थांबवावी लागते, आणि झाडूवाल्याचा मान दिवाळीच्या एका दिवसापुरता न राहता त्याच्या वेतनात व त्याच्या हातमोज्यांत दिसावा लागतो. एवढे झाल्यावर नागरिकास त्याचा हिशेब दाखवावा, आणि त्याच्या मोहल्ल्यास मान द्यावा. दंडही लागतो, जो ऐपत असून व सोय असून शेजाऱ्याच्या वाटणीचे पाणी सांडतो, त्याच्यावर तो बसविल्यास कोणाची तक्रार राहणार नाही. मात्र दंडास आरंभीचे स्थान दिले, की राज्यकर्त्यास आपल्याच घराची झाडलोट विसरण्याची मुभा मिळते.

अमात्यांनी ज्या आंब्या-फणसांसाठी लेखणी झिजविली, त्यांची फळे लावणाऱ्याच्या नातवंडांनी खाल्ली असतील. अंबाझरीच्या नावातही आंबाच आहे असे सांगतात. त्या तलावाचे पाणी पुढच्या पिढीस राहावे असे वाटत असेल, तर धरमपेठेतील गृहस्थाने आपला नळ आवरावा हे उचितच. पण त्यास तसे सांगावयास येणाऱ्या अधिकाऱ्याने आधी कोपऱ्यावरचा फुटका नळ दुरुस्त करून यावे. मग राजी करण्यास फार बोलावे लागणार नाही.